सात नंबरवरचा तारा

गुपित कसं राखावं, हे मला विचारा! उभ्या नगर जिल्ह्यात माझ्याइतकं घट्ट तोंड दुसऱ्या कुणाचं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. बेचाळीस सालच्या उन्हाळ्यात मी एक लष्करी गुपित असं राखलं, की खुद्द लष्कराला घाम फुटला!

तेव्हा मी भिंगारच्या छावणीत कारकून होतो. नाव शांतवन, पण त्या दिवसांत शांत होतं कोण? जपान्यांनी रंगून घेतलं होतं, विशाखापट्टणला बॉम्ब पडले होते, आणि भिंगारच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीबरोबर 'आता पुढला नंबर नगरचा' ही बातमी फुकट मिळत होती.

छावणीच्या टोकाला, माळावर, सात नंबरचा डेपो होता. म्हणजे, नव्हता. सरकारच्या मते तो नव्हताच! मी कामावर रुजू झालो त्या दिवशी कॅप्टन पिल्किंग्टन साहेबांनी मला ताठ उभं करून सरकारी गुपितांचा कायदा वाचून दाखवला. साहेब लांबलचक, लालबुंद, आणि मिशी अशी की ओठावर खारीनं शेपूट ठेवलंय.

"सात नंबर हा शब्द तोंडातून निघाला, तर चौदा वर्षं तुरुंग!" साहेब गरजले.

"कुठला शब्द, सर?" मी विचारलं.

"सात नं—" साहेब थांबले. मग टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "शाबास! तू कामाचा माणूस आहेस!"

मी सही ठोकली. ठोकताना छाती अशी फुगली, की शर्टाचं बटण तुटून साहेबांच्या दौतीत पडलं. त्याच तोऱ्यात बाहेर आलो, तर कोपऱ्यावर टांगेवाला ओरडत होता, "चला, सात नंबर गुप्त डेपो! एकच सवारी पायजे!" मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून असा चेहरा केला, की मला काही ऐकूच आलं नाही. गुपित राखणं म्हणतात ते याला!

डेपोत होता दारूगोळा. वरून विमानाला दिसू नये म्हणून कोठारांच्या पत्र्यांना मातकट रंग देऊन नांगरल्या शेतासारखे पट्टे ओढले होते. कोठारांपुढं मालमोटारी रिकाम्या करायला सिमेंटचा हा एवढा मोठा ओटा. भोवती काटेरी तार. आणि फाटकावर बंदूक घेऊन सहादेव. सहादेव शेजारच्याच गावचा गडी, नुकताच भरती झालेला. त्याला हुकूम एकच, पासाशिवाय चिटपाखरूसुद्धा आत जाता कामा नये!

तर वैशाखातली एक दुपार. साहेबांनी मला खोलीत बोलावलं. दार लावलं. खिडक्या लावल्या. वरचं झरोक्याचं फळकूटही काठीनं ढकलून लावलं. आम्ही दोघं भट्टीतल्या रताळ्यांसारखे भाजत उभे राहिलो. मग साहेबांनी टेबलावर एक फोटो ठेवला.

"काल आपलंच विमान वरून गेलं. डेपो दिसतो का, ते बघायला. काय दिसतंय?"

मी पाहिलं. कोठारं कुठंच दिसत नव्हती. सुरेख नांगरलेलं शेत! पण शेताच्या मधोमध एक काळा चौकोन, चौकोनात एक भला थोरला पांढरा तारा, ताऱ्याला लांब शेपूट, आणि शेपटीचं टोक नेमकं मोठ्या कोठाराच्या दिशेला! भोवती बारीक पांढऱ्या चकत्यांच्या रांगाच रांगा!

माझ्या अंगात वीज खेळली. "हेर, सर!"

"हेर!" साहेब कुजबुजले.

मी पेन्सिल उचलली. कुणी मला विचारलं नव्हतं, पण मोठी माणसं विचारायची वाट बघत नाहीत. "सर, तारा म्हणजे इथं टाका. शेपूट म्हणजे अमुक बाजूला टाका. आणि या चकत्या म्हणजे बॉम्ब. किती टाकायचे, त्याचा हिशोब!"

साहेबांनी चकत्या मोजायला घेतल्या आणि निम्म्यात घाम पुसला. "एवढे?"

"नगर तर जाईलच, सर. शेवगावात माठ फुटतील!"

"पण मी दुर्बिणीतून पाहिलं, या चकत्या खऱ्याखुऱ्या तिथं पडल्या आहेत. सुरुंगसुद्धा असतील."

"असतीलच, सर!" मी उदारपणे म्हणालो.

"कुणी हात लावायचा नाही. हेर उद्या सकाळी निशाणी नीट करायला येणार. झुडपांमागं शिपाई दडवतो. दिसेल त्याच्यावर गोळी! आणि हे फक्त तुझ्या-माझ्यात!"

मला समोर रावसाहेबकी दिसायला लागली. पगडी, दुशाला, पिल्किंग्टन साहेबांचं भाषण, सगळं! जाता जाता आपला विजय पुन्हा एकदा नीट पाहावा, म्हणून मी साहेबांचं भिंग उचललं. ताऱ्यावर धरलं.

ताऱ्याचं एक टोक दुमडलेल्या कुत्र्याच्या कानासारखं वाकडं होतं.

वाचकहो, आकाशात लाखो तारे असतील. पण असं टोक असलेला तारा त्रिभुवनात एकच! तो मी कापला होता. गेल्या नाताळात आमच्या ख्रिस्ती देवळात बेथलेहेमचं नाटक झालं. त्याच्यासाठी गडद निळ्या कापडाचा पडदा आणि त्यावर मांजरपाटाचा तारा करायचा होता. कात्री कशी धरावी, यावर मी माझ्या बायकोला, दीनाला, व्याख्यान देत होतो, आणि व्याख्यान रंगात असताना कात्री सटकली. दीनानं तारा तसाच पडद्यावर शिवला. शेपटीची कल्पनाही माझीच. नाटकातले तीन मागी लोक, म्हणजे ताऱ्यामागं चालत येणारे पूर्वेकडचे ज्ञानी, ढ होते. शेपूट पाहून तरी बरोबर गोठ्याकडं जातील, असा विचार.

तारा जर आमच्या पडद्यावरचा, तर मग त्या चकत्या...

आमच्या घरात आठवडाभर भिजल्या गव्हाचा वास कोंडला होता. दीनाच्या धाकट्या बहिणीचं, दयाचं लग्न तोंडावर आलं होतं. आणि परवाच मी त्या गव्हाचा गरम चीक दूध-साखर घालून वाटीभर खाल्ला होता. म्हणजे गुन्ह्यातला माझा वाटा माझ्याच पोटात होता!

त्या कुरडया होत्या!

"काय झालं? पांढरा पडलास," साहेब म्हणाले.

"देशाची काळजी, सर."

साहेबांना सांगावं, तर दीनाला चौदा वर्षं. दीनाला सांगावं, तर मला चौदा वर्षं. न सांगावं, तर उद्या सकाळी गोळी! मी घरापर्यंत पळत गेलो.

पुढल्या खोलीत दीना आणि शेजारच्या गोजरबाई सांडगे तोडायचं बघत बसल्या होत्या. गोजरबाई म्हणजे मळ्यातलं खणखणीत माणूस. त्या कानात बोलल्या तरी वेशीवरची कुत्री जागी व्हायची.

मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दीना, यंदा वाळवण कुठं घालतेस गं?"

"तुमच्या सात नंबरात."

मी झेप घेऊन खिडकी लावली. "सात नंबर नावाची जागाच नाही!"

"बरं, नाही."

"मग कुठं घालतेस?"

"जी जागा नाही, तिथं! अहो, अंगणात घातलं की धूळ, शेळ्या, कावळे. तिथं काय ती फरशी!"

"लोन्यावानी!" गोजरबाई म्हणाल्या. "शांतवनभाऊ, कडनं तार हाय म्हंजी शेरडू येत न्हाई. वर बंदूकवाला हुबा, म्हंजी कावळा येत न्हाई. रातचं उचलायची बी कटकट न्हाई, सरकारी पहारा! इंग्रजानं गरिबासाठी येवढं येक काम मातर चांगलं केलं बगा!"

"आणि तो बंदूकवाला? तो आत सोडतो कसा?"

"कोन, सहादेव? जावई हाय की माजा! मला बगितलं की मान खाली घालतोय. लई गुनी!"

मी भिंतीला टेकलो. एवढा मोठा कायदा, पण सासूचं काय करायचं, हे त्यात लिहायला सरकार विसरलं होतं.

"दीना, उद्या तिकडं जाऊ नकोस."

"का?"

"ते सांगता येत नाही."

"उद्या उलटायच्यात कुरडया. एका बाजूनं कडक झाल्या, दुसरी ओली. दयाच्या लग्नात काय अर्ध्या वाळलेल्या तळू?"

"पाऊस येणार आहे!"

"वैशाखात?"

"वावटळ येणार आहे!"

"मग तर लवकर गेलं पाहिजे."

"मला... मला स्वप्नात देवदूतानं सांगितलं!"

"तुमच्या स्वप्नात?" दीना म्हणाली. "अहो, तुमच्या स्वप्नात वांग्याचं भरीत येतं. झोपेत बडबडता तुम्ही."

गोजरबाई पदरात तोंड घालून खिदळल्या.

"मला ताप आलाय," मी शेवटचं अस्त्र काढलं.

तिनं कपाळाला हात लावला. "माठासारखं थंड आहे."

"तुला शपथ आहे, दीना!"

"कुणाची?"

"बादशहाची!"

यावर त्या दोघी इतक्या हसल्या, की सांडग्यांचं पीठ परातीतून खाली सांडलं.

आता एकच मार्ग उरला. दोघींच्या आधी आपण पोचायचं, पडदा गोळा करायचा आणि पसार व्हायचं. सकाळी ऊन चढायच्या आत मी सात नंबरच्या फाटकावर हजर!

"हाल्ट!" सहादेवानं बंदूक रोखली. "पास?"

"अरे सहादेवा, मी! कचेरीतला भाऊसाहेब!"

"वळखतो की, भाऊसायेब. काल तुमी मला तंबाखू दिली. पर पास?"

"मला कसला पास? ही जागा आहे, हे मला माहीत असायलाच परवानगी नाही!"

"मंग तर तुमी हितं हुबं बी ऱ्हायचं न्हाई," सहादेव म्हणाला. कायद्यानं त्याचं बरोबर होतं.

एवढ्यात मागून दीना आणि गोजरबाई टोपल्या घेऊन आल्या. सहादेवाची बंदूक खाली गेली. मान खाली गेली. पागोटं सारखं करून तो बाजूला असा वळला, जणू फाटकाच्या खांबाला वाळवी लागलीय का ते पाहतोय.

"येऊ का, जावईबापू?"

"या की मामी."

दोघी आत!

"अरे, यांचा पास?" मी किंचाळलो.

"मामी हाय ती!"

"आणि दीना?"

"मामीच्या संगं हाय."

मी झुडपांकडं पाहिलं. झुडपं हलत होती. एका झुडपातून पिल्किंग्टन साहेबांची मिशी बाहेर आली होती! मग मात्र माझा धीर सुटला. फाटक सोडलं, बाजूला पळालो, जमिनीवर लोळण घेतली आणि तारेखालून आत घुसलो. मी आत गेलो. माझ्या विजारीचा मागचा निम्मा भाग तारेवरच राहिला. तशाच अवस्थेत मी सुटलो.

"दीना! खाली पड! खाली पड!"

"काय झालं हो? विंचू?"

मी पडद्याचं टोक धरून हिसका मारला. दोन-चार कुरडया घरंगळल्या. तेवढ्यात कर्कश शिट्टी वाजली! मागं दारूगोळा, म्हणून गोळी तेवढी कुणी झाडली नाही. झुडपांमागून शिपाई उठले, संगिनी चमकल्या, फाटक धाडकन उघडलं, आणि अख्खी तुकडी आरोळ्या ठोकत आमच्यावर धावून आली. त्यांना काय दिसलं असेल, विचार करा! दोन बायका वाकून काही वेचताहेत, आणि मधे एक अर्ध्या विजारीचा इसम, दोन्ही हातांत तारा!

मी डोळे मिटले. प्रार्थना आठवेना. जेवणाआधीची तेवढी आठवली, तीच म्हणून टाकली.

आणि अचानक सगळं शांत झालं.

डोळे उघडून पाहतो तो काय! पडद्याच्या कडेला सगळी तुकडी थबकलेली! कुणाचा एक पाय वर, कुणाचे हात पसरलेले, मागचे पुढच्यांच्या पाठीला चिकटलेले. पण पडद्यावर एकाचंही पाऊल नाही! सगळी नगर, पारनेर, कर्जतकडची पोरं ती. रांगायला लागल्यापासून पाठीत धपाटे खाऊन शिकलेली, की वाळवण तुडवायचं नसतं!

"चार्ज!" मागून साहेब ओरडले.

कुणी हलेना.

"सायेब," पुढचा एक जण एका पायावर डुलत म्हणाला, "वाळवन हाय."

साहेबांना मराठी येत नव्हतं. त्यांना वाटलं, सुरुंगांना भ्याले! साहेब पडले इंग्रज, आपण उदाहरण घालून द्यावं, असं त्यांना वाटलं. त्यांनी टोपी सारखी केली, आकाशाकडं पाहिलं, डोळे गच्च मिटले आणि बूट उचलून सरळ एका कुरडईवर ठेवला.

कर्रर्र!

स्फोट झाला नाही. म्हणजे, झाला, पण गोजरबाईंचा!

"आरं मुडद्या, बूट काढ! खायाची वस्त हाय ती! डोळं फुटलं का तुजं? येवढा घोड्यायेवढा झालास, आईनं शिकीवलं न्हाई व्हय रं?"

"ही बाई काय म्हणते?" साहेबांनी मला विचारलं.

"आपण बूट काढावेत अशी विनंती आहे, सर."

साहेबांनी खाली वाकून चुरा उचलला. हुंगला. "हा कसला बॉम्ब?"

"कुरडई, सर. गव्हाची. तळून खातात. लग्नात लागते."

"आणि तारा?"

"बेथलेहेमचा, सर."

"मे महिन्यात?"

"नाताळपर्यंत त्याला दुसरं काम नसतं, सर."

साहेबांचा चेहरा लालचा जांभळा झाला. त्यांनी सहादेवाला हाक मारली. मी दुभाष्या. एका हातानं विजार आणि एका हातानं तारा सावरत दुभाषेपणा करणं सोपं नाही, हे इथं नमूद करतो.

"हुकूम काय होता?"

"चिटपाखरू आत जाऊ द्याचं न्हाई, सायेब. येक कावळा बी आत गेला न्हाई. इचारा मामीला."

"आणि या बायका?"

"सायेब, येकीवर बंदूक रोखायची म्हंजी मामीवर रोखायची. सासूवर बंदूक रोखल्यावर बायकू नांदंल का माज्याजवळ?"

मी भाषांतर केलं. लढाईमुळं आगबोटी बंद होऊन साहेबांच्या सासूबाई दोन वर्षं त्यांच्याच बंगल्यात अडकल्या होत्या. साहेबांनी हातातलं पिस्तूल हळूच कमरेच्या कातडी खोळीत घातलं.

"त्याला सांग," ते म्हणाले, "तुझं बरोबर आहे."

पण पुढं काय? चौकशी झाली, तर वरचे विचारणार, की साम्राज्याच्या गुप्त डेपोत बायका कुरडया घालत होत्या, तेव्हा कॅप्टन पिल्किंग्टन काय करत होते? साहेबांनी दोन फेऱ्या मारल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "हे घडलेलं नाही! तारा नाही, बायका नाहीत, कुरडया नाहीत. आजपासून कुरडई हे लष्करी गुपित! जो बोलेल, त्याला चौदा वर्षं! सगळ्यांना शपथ दे."

मी शपथ दिली. दीनानं मान हलवली. गोजरबाईंनी मात्र कमरेवर हात ठेवला.

"म्हंजी आमी हितं आलोच न्हाई?"

"नाही."

"कुरडया वाळल्याच न्हाईत?"

"नाहीत!"

"मंग उलटून घेतो तेवढ्या. झालंच न्हाई म्हनताय, तर कुनाचं काय जातंय?"

तुकडीतल्या पोरांनी न सांगता बूट काढले, उकिडवी बसली आणि भराभरा कुरडया उलटू लागली. साहेब पाठ करून उभे राहिले, कारण समोर काही घडतच नव्हतं.

फक्त जाताना ते माझ्याजवळ थांबले. "बायकांना पहारेकऱ्यानं सोडलं. शिपायांना मी आणलं. बंदी असलेल्या जागेत विनापरवाना घुसलेला माणूस आज एकच."

माझी बदली घोंगड्यांच्या गुदामात झाली. रावसाहेबकी तारेवर राहिली, विजारीच्या बाजूला!

पण गुपित मी राखलं! संध्याकाळपर्यंत भिंगारच्या बाजारात लोक कुरडयांचा किस्सा सांगून पोट धरून हसत होते. मी ऐकू न आल्यासारखा चेहरा करून भाजी घेतली. दयाच्या लग्नात पंगतीला कुरडई वाढली. मी ताटावर आडवा हात धरला. फोटोबद्दल तर दीनाजवळसुद्धा कधी चकार शब्द काढला नाही. इंग्रज गेले, पिल्किंग्टन गेले, मी पेन्शनीत निघालो, पण कुरडई म्हणून मी तोंडात घातली नाही. चौदा वर्षं कोण भोगणार! दीनाला वाटे, माझे दात कच्चे आहेत.

गेल्या महिन्यात मात्र राहवेना. दोघंच होतो घरात. मी घसा खाकरला, आवाज गंभीर केला. "दीना, आज तुला एक गोष्ट सांगतो. आयुष्यभर पोटात ठेवली. त्या साली... आपल्या ताऱ्याचा..."

"विमानातला फोटो ना?" ती म्हणाली, आणि उठून कुरडयांचा डबा घेऊन आली. वरच्या कुरडया ताटात काढल्या, आणि तळाशी अंथरलेला एक तेलकट, पिवळा कागद उचलून माझ्यापुढं धरला. तारा, शेपूट, वाकडं टोक, सगळं जिथल्या तिथं!

माझा आ वासलेला. "हा... हा तुझ्याकडं कसा?"

"साहेबानं फाडायला सहादेवाकडं दिला, त्यानं गोजरबाईंच्या स्वाधीन केला, त्यांनी मला दिला. दयाच्या रुखवतात मांडला होता की आम्ही, कुरडयांच्या डोंगराला टेकून! सगळ्यांनी पाहिला. पाळक साहेबांनी तर दोनदा पाहिला. तुम्ही नाही पाहिलात?"

कसा पाहणार? सरकारी हुकमाप्रमाणे मी त्या रुखवताकडं पाठ करून बसलो होतो.

"टोक मात्र वाकडंच आलंय हो," फोटो डब्यात परत अंथरत दीना म्हणाली. मग आत जाऊन तिनं कढई ठेवली. चर्रर्र आवाज आला, खमंग वास सुटला, आणि पांढरीशुभ्र फुललेली कुरडई माझ्यापुढं आली.

मी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. उठून आधी खिडकी लावली. आणि मग खाल्ली.